मला काय धाड भरलीय? तब्येतीच्या एका प्रश्नाची वही

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

एथिक्स कमिटीचा शिक्का आज मिळाला. दोन अटी घातल्यात. गावाचं नाव प्रबंधात कुठेही येऊ द्यायचं नाही, आणि ज्याचं बीपी जास्त निघेल त्याला त्याच दिवशी चिठ्ठी देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं. तेव्हा या वहीतही गाव म्हणजे नुसतं ‘गाव’. सातारा जिल्ह्यातलं, ऊस आणि आल्याच्या पट्ट्यातलं, एवढं पुरे. दुसरा भाग तालुक्याच्या ठिकाणचा एक वॉर्ड.

विषय: तीस वर्षांवरच्या माणसांच्या रोजच्या सवयी आणि स्वतःच्या तब्येतीबद्दल त्यांचं स्वतःचं मत. नर्सिंग कॉलेजात शिकवता शिकवता एम.एस्सी.चा हा प्रबंध करतेय. म्हणजे सुट्ट्या, रविवार आणि उरलेल्या सीएल.

सगळा डोलारा एका प्रश्नावर उभा आहे: ‘एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे?’ पहिल्यांदा वाचला तेव्हा फारच भाबडा वाटला होता. रक्त नाही, लघवी नाही, ईसीजी नाही. माणसालाच विचारायचं आणि तो म्हणेल ते लिहायचं. पण १९८२ साली मॉसी आणि शापिरो यांनी कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या वयस्कर लोकांचा अभ्यास छापला. तब्येत वाईट सांगणारे पुढच्या काही वर्षांत जास्त संख्येने वारले, आणि डॉक्टरी नोंदी हिशेबात धरूनही हा फरक उरलाच. १९९७ मध्ये आयडलर आणि बेन्यामिनी यांनी असे २७ अभ्यास एकत्र ठेवून पाहिले, बहुतेकांत तेच. लांब कशाला, पुण्याजवळ वढूला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पन्नाशीपुढच्या गावकऱ्यांना हाच प्रश्न विचारून पुढे मृत्यूंच्या नोंदी पाहिल्या. तिथेही ‘वाईट’ म्हणणाऱ्यांना धोका जास्त निघाला. म्हणजे माणसाला स्वतःबद्दल काहीतरी कळत असतं. काय कळतं, आणि त्यात त्याच्या सवयी तो धरतो की नाही, हे मला पाहायचंय.

सवयींच्या यादीसाठी अलामेडाचा आधार घेतला. कॅलिफोर्नियातल्या या काउंटीत १९६५ मध्ये जवळजवळ सात हजार प्रौढांची पाहणी झाली आणि त्यातून सात सवयी पुढे आल्या: सात-आठ तास झोप, धूम्रपान नाही, दारू बेताची, नियमित व्यायाम, वजन आटोक्यात, रोज न्याहारी, मधल्या वेळचं खाणं नाही. शेवटच्या दोन मी काढल्या. शेतावर निघण्याआधी माणूस भाकरी खातो ती न्याहारी की जेवण, यावर माझ्या गाइड सरांशी अर्धा तास वाद झाला आणि दोघांनाही उत्तर सापडलं नाही. धूम्रपानाच्या जागी सगळा तंबाखू धरला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज दिवसभरात एकाच ओळीचं भाषांतर झालं, तेही अर्धंच.

‘आरोग्य’ म्हटलं की लोकांना सरकारी खातं आठवतं. ‘आरोग्यवाले आलेत’ म्हणजे आम्ही. ‘प्रकृती’ पेपरात पुढाऱ्यांची बिघडते, नाहीतर आजोबांच्या पत्रात ‘प्रकृतीस जपावे’ असायची. बोलण्यातला शब्द ‘तब्येत’च. पण तिच्यात खोट आहे. ‘तब्येत सुधारली गं तुझी’ म्हणजे वजन वाढलं, आणि ‘तब्येतीने कशी आहे मुलगी?’ हा प्रश्न लग्नाच्या बोलणीत अंगकाठीबद्दल असतो. सडपातळ पण धडधाकट बाई ‘माझी तब्येत नाहीच पहिल्यापासून’ म्हणेल, आणि मी ते ‘वाईट’ लिहून मोकळी होईन.

पर्यायांची शिडी जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहण्यांतली घेतली: खूप चांगली, चांगली, मध्यम, वाईट, खूप वाईट. दोन्ही टोकं सोपी. अडलं मधल्या पायरीवर. तब्येत ‘मध्यम’ आहे असं मी आजवर कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. मध्यम गव्हाचा रवा असतो. लोक म्हणतात ‘बरी आहे’, आणि हा ‘बरी’ फार चकवा देणारा शब्द आहे. ‘बरं नाही’ म्हणजे सरळ आजारी. त्याच्या उलट ‘बरं आहे’ म्हणजे मात्र चांगलं असेलच असं नाही. ‘आता बरी आहे’ म्हणजे दुखण्यातून उठली. ‘बरीच म्हणायची’ म्हणजे विचारू नका. इंग्रजी शिकवणाऱ्या मैत्रिणीला उलट भाषांतर करायला दिलं तर तिने ‘बरी’चं एकदा ‘गुड’ केलं आणि पुढच्याच पानावर ‘फेअर’.

वरच्या टोकाचीही एक गंमत आहे. ‘खूप चांगली’ असं आपल्याकडे कोण तोंडाने म्हणतं? दृष्ट लागते. म्हणाले तरी पाठोपाठ ‘देवाच्या दयेनं’ येतं.

संध्याकाळी आईला फोन केला आणि न सांगता प्रश्न टाकला. ‘आई, एकंदरीत तुझी तब्येत कशी आहे?’ क्षणभर गप्प, मग, ‘मला काय धाड भरलीय? तुझं काय बिघडलंय का?’ आईला गेली नऊ वर्षं शुगर आहे, आणि एका गुडघ्यावर जिना चढता येत नाही. आता हे उत्तर पाचांपैकी कुठे बसवू?

तूर्त ठरवलंय ते असं: मधली पायरी ‘बरी, बेताची’. आणि माणूस जे पहिलं वाक्य बोलेल ते पर्यायाशेजारी जसंच्या तसं लिहायचं. फॉर्मात त्यासाठी रिकामी ओळ सोडली.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पायलट, म्हणजे फॉर्मची चाचणी, झालं. आमच्याच गल्लीच्या मागची दहा घरं.

एक चूक लगेच पदरात पडली. मी तब्येतीचा प्रश्न शेवटी ठेवला होता. आधी बीपी आहे का, शुगर आहे का, दम लागतो का, रात्री किती वेळा उठता, गुडघे, कंबर, डोळे. एवढी उजळणी झाल्यावर माणूस ‘चांगली’ कशाला म्हणेल? एक काका तर हताश होऊन म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही यायच्या आधी चांगली होती.’ प्रश्न आता सगळ्यात वर. नाव विचारण्याच्याही आधी.

आज संध्याकाळी प्रचार संपतोय, परवा मतदान. आशाताईंचा निरोप आला की २३ तारखेच्या निकालापर्यंत वही घेऊन गावात पाऊल टाकू नका, कुणाच्या बाजूच्या आहात म्हणून विचारतील.

२५ नोव्हेंबर, सोमवार

गावातला पहिला दिवस. चार घरं झाली, त्यातलं एक अर्धवट.

आशाताईंच्या कुटुंब-यादीतून दर सहावं घर घेतोय. घरातलं कोण निवडायचं यासाठी पुस्तकी पद्धत म्हणजे ज्याचा वाढदिवस आधी येतो ते माणूस. पहिल्याच घरात चार मोठी माणसं, आणि आधारकार्डं काढली तर तिघांची जन्मतारीख १ जून. मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली. पुढच्या घरात दोघं १ जूनवाले. पुस्तक मिटलं, वहीचं पान फाडून चिठ्ठ्या केल्या आणि घरातल्या लहान पोराला एक उचलायला लावली. पोरं खूश, आणि मोठ्यांनाही यात काही काळंबेरं नाही हे पटतं.

दुसऱ्या घरी सासूबाईंनी दारातच अडवलं. ‘लाडक्या बहिणीचं पैसं बंद करायला आलाय व्हय?’ आशाताईंनी देवाची शपथ घेतल्यावर आत घेतलं. तिसऱ्या घरी नेमकं उलट. चुलीपुढच्या बाईंना प्रश्न विचारला तर त्या मलाच विचारतात, ‘काय लिवलं म्हंजी योजना मिळंल?’ मग ‘लय वाईट लिवा’. संमतीपत्र पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं, यातून काहीही मिळणार नाही हे दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग बरी हाय की.’ रिकाम्या ओळीत दोन्ही वाक्यं लिहिली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज मिश्रीवर लिहायला हवं.

वाड्याच्या मागच्या पडवीत एक आजी तंबाखू भाजत होत्या. लोखंडी तवा, चुलीत काटक्यांची बारीक धग, आणि तव्यावर जर्दा. आधी कडेनं तपकिरी होतो, मग धूर सुटतो, मग सगळा काळा पडतो. धुराने माझ्या डोळ्यांत पाणी आणि घशात ठसका. आजींची नात उंबऱ्यात बसून खोकत होती, तिला कुणी उठवलं नाही. गार झाल्यावर हातानेच चुरून पूड केली आणि चवनप्राशच्या रिकाम्या डब्यात भरली. आठवड्याचा साठा.

फॉर्मातला प्रश्न होता, ‘तुम्ही तंबाखू किंवा तंबाखूजन्य पदार्थ वापरता का?’

‘छ्या! आमच्यात बाया तंबाखू खात न्हाईत.’

‘आणि हे?’

‘ही मिश्री. दाताला लावायची.’

दिवसातून किती वेळा, तर सकाळी, जेवल्यावर, चारच्या चहाआधी, झोपताना. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. उपास असला आणि लावली नाही तर डोकं धरतं. व्यसनाची सगळी लक्षणं आजी औषधाची मात्रा सांगावी तशी शांतपणे सांगत होत्या. ‘व्यसन’ हा शब्द त्यांच्या लेखी दारूसाठी राखीव आहे. त्यांचा जावई व्यसनी आहे.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ सुमारे ४ टक्के आणि धूर न काढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्रीवर बंदी कोण कशी घालणार? ती घरच्या तव्यावर होते. ‘तंबाखू खाता का?’ एवढाच प्रश्न ठेवला असता तर गावातल्या निम्म्या बायका माझ्या तक्त्यात निर्व्यसनी ठरल्या असत्या. आजच प्रश्नाचे तुकडे केले: पान, चुना-तंबाखू, मावा, तपकीर, मिश्री, बिडी. प्रत्येकाला वेगळं विचारायचं. सरांना विचारलं नाही, उद्या कळवेन.

आजींनी तब्येत ‘चांगली’ सांगितली. पहिलं वाक्य: ‘दोन हंडं आणती अजून.’

३ डिसेंबर, मंगळवार

व्यायामाचा तक्ता आज शरमेने बाजूला ठेवावासा वाटला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाची हालचाल करावी. कांद्याची लागण चालू आहे. बायका सकाळी आठला वाफ्यात उतरतात, कमरेत वाकून दुपारपर्यंत रोपं खोचतात, भाकरी खाऊन पुन्हा वाकतात. त्यांचा आठवड्याचा कोटा सोमवारी अकराच्या आत पुरा होतो. तक्त्याप्रमाणे या जिल्ह्यातल्या सगळ्यात तंदुरुस्त व्यक्ती त्याच.

बांधावर बसूनच एकीची मुलाखत घेतली. वय बेचाळीस. बोलताना उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताने सारखा दाबत होत्या, रोप खोचून खोचून तो सुजला होता. ‘मोकळ्या वेळात चालणं, खेळ, योगासनं असं काही?’ हे वाचताना माझाच आवाज बारीक झाला. त्यांनी मागे वळून टोळीतल्या बाकीच्यांना सांगितलं, ‘अगं, मोकळ्या येळंत काय करता म्हून विचारत्यात.’ सगळा वाफा हसला.

तब्येत: ‘बरी, बेताची’. पहिलं वाक्य: ‘अंग मोडून येतंय, पर पडून राहाया कुणी देतंय का?’

कामातली हालचाल आणि फुरसतीतली हालचाल शरीराला सारखी लागू पडत नाही, हे डेन्मार्कच्या संशोधकांनी सांगितलंय आणि त्याला हालचालीचा विरोधाभास असं नावही दिलंय. तासन्‌तास एकाच ठेवणीत, विसावा न घेता, दुसऱ्याने ठरवलेल्या गतीने केलेलं काम शरीर झिजवतं. दोन्ही एका रकान्यात मिळवायची नाहीत, वेगळी ठेवायची. शिवाय आपल्याकडे बायकांच्या थकव्यात रक्त कमी असण्याचा मोठा वाटा असतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना ॲनिमिया होता. हिमोग्लोबिन तपासायला मला परवानगी नाही, तो घटक माझ्या अभ्यासाबाहेर राहणार. प्रबंधाच्या मर्यादांत लिहायचं.

६ डिसेंबर, शुक्रवार

एका वस्तीत ओळीने कुलपं. लोक काल-परवाच चैत्यभूमीला गेलेत, रविवारी परततील. ती घरं वगळायची नाहीत, पुन्हा जायचं.

बाकीच्या घरांत ‘काल दिवसभरात काय खाल्लं?’ या प्रश्नाने दगा दिला. काल मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. प्रत्येक बाईच्या रकान्यात साबुदाणा, शेंगदाणे, केळं, चहा, चहा. हे पाहून कुणी निष्कर्ष काढला तर सातारा जिल्हा साबुदाण्यावर जगतो असं म्हणेल. या महिन्यात शुक्रवारी खाण्याचा प्रश्न विचारायचा नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

तालुक्याचा वॉर्ड. पहाटे पावणेसहाला ग्राउंडवर गेले होते, घरी लोक सापडत नाहीत म्हणून. (चिठ्ठीत नाव निघालेल्यांनाच गाठलं, वाटेल त्याला पकडलं नाही.)

कानटोप्या, मफलर, पांढरे बूट. इथे खरा ‘व्यायाम’ आहे. निवृत्त शिक्षक, दुकानदार, बँकेतले एक साहेब. सकाळी पाच फेऱ्या, जेवणात भात बंद, साखर बंद, कोमट पाणी, मेथीचे दाणे. माझ्या यादीतल्या सवयी जवळजवळ सगळ्या. आणि तब्येत? ‘बेताचीच.’ ‘सांभाळून राहावं लागतं.’ ‘आता पूर्वीसारखं नाही.’ एकामागून एक.

घरी येऊन चहा घेताना उलगडलं. यातला प्रत्येक जण डॉक्टरांनी सांगितल्यानंतर चालायला लागलाय. एकाला स्टेंट, दोघांना शुगर, साहेबांना बायपास सांगितलेली पण अजून केलेली नाही. आधी दुखणं, मग सवय. माझ्या तक्त्यात मात्र दोन्ही एकाच तारखेला पडणार, आणि चालण्यामुळे तब्येत बिघडते असं दिसणार. एकदाच केलेल्या पाहणीत हे येणारच, हे वर्गात मीच मुलींना शिकवते. ग्राउंडवर थंडीत उभं राहून ते वेगळं कळतं. ‘ही सवय कधीपासून? का लागली?’ असे दोन प्रश्न वाढवले. झालेल्या घरांना फोनवर विचारणार.

दारूचं उत्तर चारचौघांत मिळत नाही. ‘कधीमधी’, ‘पाव्हणे आले तर’. एकट्याला गाठलं तरी तेच, फक्त आवाज खाली जातो. लिहितेय तसंच.

१७ डिसेंबर, मंगळवार

गावात. आज एका घरात तासभर गेला, आणि गेला ते बरं झालं.

पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. चार म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. ओट्यावर बसून तळहातावर तंबाखू मळत होते. अंगठ्याने घोळवायची, दोन टाळ्या मारून धूळ उडवायची, मग ओठाखाली. प्रश्न विचारायच्या आत उत्तर आलं, ‘एक नंबर! लिहा, एकदम एक नंबर. आयुष्यात सुई टोचून घेतली न्हाई.’ मी ‘खूप चांगली’वर गोल केला.

पुढचे प्रश्न भराभर झाले. झोप पाच तास, कारण शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची आहे आणि पाणी द्यायला उठावं लागतं. तंबाखूची दिवसाला एक पुडी. जेवणात मिरचीचा ठेचा आणि मीठ वरून. डेअरी दीडशे पावलांवर, जातात मोटरसायकलवर, किटली अडकवून.

मग बीपी. १७८/१०४. पट्टा नीट बसला नसेल म्हणून सोडून पुन्हा बांधला. पाच मिनिटं गप्प बसवलं, पाठ टेकवून, पाय जमिनीला, तोंडातली तंबाखू थुंकायला लावली. १७४/१०२. तिसऱ्यांदाही जवळपास तेच. डोकं दुखतं का, छातीत भरल्यासारखं? ‘कायबी न्हाई.’

चिठ्ठी लिहायला घेतली तशी त्यांची नजर माझ्या फॉर्मवर गेली. ‘वर काय लिवलंय?’

‘तुम्ही सांगितलं तेच. खूप चांगली.’

‘मशीन वाईट म्हणतंय आणि तुमी चांगली लिवताय? खोडा की ते.’

खोडता येत नाही म्हटलं. मोजण्याआधी माणूस काय म्हणाला, तेच आम्हाला हवं असतं.

त्यांनी बराच विचार केला. ‘मग वेळ घाला. साडेधा वाजेपत्तोर चांगली हुती म्हणून लिवा.’

आशाताई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. मी समासात ‘सकाळी १०.३०’ लिहिलं आणि तारीख घातली, तेव्हा कुठे ते चिठ्ठी घ्यायला तयार झाले.

रात्री अमर्त्य सेन यांचा २००२ सालचा लेख पुन्हा काढला. त्यातलं उदाहरण: केरळचा माणूस देशात सगळ्यात जास्त जगतो आणि आजारपणही सगळ्यात जास्त सांगतो. बिहारचा कमी जगतो आणि कमी सांगतो. अमेरिकन माणूस केरळवाल्याहूनही जास्त आजार सांगतो. ज्याला दवाखाना जवळ, तपासणी माहीत, त्याला दुखण्यांची नावंही माहीत. आजच्या गृहस्थांना काही होत नव्हतं कारण त्यांचं काही मोजलंच गेलं नव्हतं. आणि तरी वढूचा अभ्यास म्हणतो की अशाच गावांत ‘वाईट’ म्हणणारा माणूस खरंच धोक्यात असतो. म्हणजे ‘वाईट’वर विश्वास ठेवावा आणि ‘चांगली’वर ठेवू नये, असं काही आहे का? सरांना विचारायचं.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

घोळ झाला, आणि तो माझाच.

डेटा एन्ट्रीत एका तिशीतल्या पैलवानाची तब्येत ‘खूप वाईट’ आली. रिकाम्या ओळीत मात्र माझ्याच अक्षरात: ‘घोड्याशी शर्यत लावा आणि बघा.’ फॉर्म काढून पाहिला. मधल्या एका गठ्ठ्यात पर्यायांचे आकडे उलटे आहेत. पायलटच्या वेळी १ म्हणजे खूप वाईट होतं, नंतर मी शिडी उलटवून १ म्हणजे खूप चांगली केलं, आणि झेरॉक्सला देताना जुन्या पेनड्राइव्हमधली प्रत गेली. फॉर्मच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक टाकायचा हा नियम मी दर वर्षी फळ्यावर लिहिते.

वाचलो ते रिकाम्या ओळीमुळे. गठ्ठ्यातली सगळी पहिली वाक्यं वाचून आकड्यांशी ताडली. बहुतेक ठिकाणी उलटा आकडा उघड दिसतो. जिथे ‘बरी आहे’ एवढंच आहे तिथे मधला आकडा, तो उलटूनही मधलाच राहतो. (‘बरी’ने पहिल्यांदाच मदत केली.) काही घरांचं मात्र कळत नाही, तिथे पुन्हा जायला हवं.

८ जानेवारी, बुधवार

परतफेरी. शंकेची घरं झाली.

जातेच आहे तर म्हणून गोष्टींची युक्ती करून पाहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वयोवृद्धांच्या पाहणीत, जी महाराष्ट्रातही झाली होती, काल्पनिक माणसांचं छोटं वर्णन वाचून ‘याची तब्येत कशी म्हणाल?’ असं विचारतात. त्यावरून उत्तर देणाऱ्याची स्वतःची फूटपट्टी कळते. मी एक गोष्ट रचली: एका बाईचे गुडघे दुखतात, ती हळू चालते, पण घरातलं सगळं करते. वाचून व्हायच्या आत समोरून, ‘कुठल्या आळीची?’ कुणाचीच नाही म्हटलं तर ‘मग सून काय करती तिची?’ चार घरांत चारही वेळा सुनेवर चर्चा झाली. एक गोष्ट मात्र नीट कळली. ‘घरातलं सगळं करते’ हे ऐकलं की उत्तर ‘चांगली’. गुडघे कुणी हिशेबात घेतले नाहीत.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत, काम बंद. मामीने तिळगूळ हातावर ठेवता ठेवता सांगितलं, ‘तब्येत छान झालीय हो तुझी.’ गेल्या दोन महिन्यांत प्रत्येक घरी चहा झालाय, साखरेचा.

२० जानेवारी, सोमवार

सरांबरोबर तीन तास. आकडे परीक्षकांकडे जाईपर्यंत इथे टाकत नाही, पण काय दिसतंय ते लिहिते.

पहिला वाद पायऱ्या एकत्र करण्यावर. सर म्हणतात वरच्या दोन ‘चांगली’ आणि खालच्या तीन ‘चांगली नाही’ असे दोन ढीग करू, वाचायला सोपं. मी ‘बरी’ला वाईटात टाकायला तयार नाही. एकदा तिला वर धरून आणि एकदा खाली धरून दोन्ही करून पाहिलं, तर झोपेचा संबंध दोन्हीकडे टिकतो, मिश्रीचा एकात दिसतो आणि दुसऱ्यात नाहीसा होतो. एवढ्यावर मी मिश्रीबद्दल काहीही ठाम म्हणणार नाही. शेवटी पाचही पायऱ्या तशाच ठेवून ऑर्डिनल लॉजिस्टिक (पायऱ्यांचा क्रम न मोडता संबंध तपासायची संख्याशास्त्रीय पद्धत) करायचं ठरलं.

बायका पुरुषांहून खालची पायरी सांगतात, इतर अभ्यासांत दिसतं तसंच. चालण्याचं चिन्ह उलटं आलं होतं, म्हणजे चालणाऱ्यांचीच तब्येत वाईट दिसत होती. ‘का लागली सवय?’ हा प्रश्न घालून डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालणारे वेगळे काढल्यावर ते सरळ झालं, पण मग उरलेली माणसं फार थोडी. सर म्हणाले की हेच प्रबंधात नीट लिहिलंस तरी पुरे. मला ते पुरेसं वाटत नाही, पण दुसरं काही हातात नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो रिकाम्या ओळींत, ज्यांचा मूळ आराखड्यात पत्ताच नव्हता. सगळी पहिली वाक्यं एका कागदावर घेतली. गावात तब्येत म्हणजे काय होतं: हंडे आणते, धारा काढतो, बाजाराला जाऊन येते, ‘पोरांवर पडले नाही अजून’. वॉर्डात म्हणजे काय असतं: रिपोर्ट, शुगर एवढी आली, गोळी अर्धी केली. सवय कुणीच स्वतःहून काढली नाही. एकानेही ‘तंबाखू खातो, पण तब्येत चांगली’ किंवा ‘खातो म्हणून वाईट’ असं म्हटलेलं नाही. सवयींचा भाग सुरू झाला की लोकांचा आवाजच बदलतो, शाळेत तपासणी आल्यासारखा.

सरांना तो प्रश्न विचारला, ‘वाईट’ खरं मानायचं आणि ‘चांगली’ नाही का? ते म्हणाले, बीपी आधी ठाऊक असलेल्यांची ‘चांगली’ आणि मोजलंच नसलेल्यांची ‘चांगली’ वेगळी करून बघ. उद्या बसते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गावाला निष्कर्ष सांगायला गेलो होतो. समाजमंदिरात बायका वीस-बावीस, पुरुष चार. मिश्रीचं बोलल्यावर पडवीतल्या आजींनी डबा पदराखाली घेतला आणि पूर्णवेळ माझ्याकडे बघत राहिल्या. आशाताईंचा सी-बॅकचा (बीपी-शुगरसारख्या दुखण्यांची जोखीम पाहायचा सरकारी) फॉर्म आणि माझा फॉर्म शेजारी ठेवून पाहिले. त्यांच्यात कंबर मोजायची असते. म्हणाल्या, ‘टेप लावला की बाया पोट आत घेत्यात, तुमच्याकडं निदान तोंडाचं तरी खरं लिवता येतं.’

परतताना दुधाच्या गृहस्थांकडे. केंद्रातून ॲम्लोडिपिनची, म्हणजे बीपीची, गोळी सुरू आहे, एकही दिवस चुकलेली नाही. ठेच्यात मीठ कमी. तंबाखूची पुडी आता दोन दिवस पुरते, असं ते म्हणतात. बायको आतून ‘दीड’ म्हणाली. डेअरीला किटली हातात घेऊन पायी जातात. पट्टा बांधला, पाच मिनिटं बसवलं: १३४/८४.

हा आकडा अभ्यासात जाणार नाही, पण राहवलं नाही म्हणून विचारलं. एकंदरीत आता तब्येत कशी आहे?

‘बेताचीच की.’ गोळ्यांचं पाकीट खिशातून काढून दाखवलं. ‘रोज गोळी खाणारा माणूस चांगला कसा म्हणायचा? आधी एक नंबर हुतो.’

मी वहीत लिहून घेत होते. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं.

‘वेळ घातली का?’